बस स्टँडवरची बरणी

शालिक, परवा सौंसरला तुझी तेरवी झाली. उद्या इथं पांढुर्ण्याला, शाळेत, तुझी शोकसभा आहे. हेडमास्तर तेरवीच्या आधीच दुकानात येऊन गेले होते. बशीतला चहा फुंकत म्हणाले, "देवराव, तुम्ही मास्तरांचे लहानपणापासूनचे दोस्त. चार शब्द तुम्हीच बोला. चांगले बोला. अन् लिहून आणा, म्हणजे लांबणार नाही." म्हणून बसलो आज लिहायला, पोरीच्या वहीची पानं फाडून. समोर नागपूरची बस उभी आहे, इंजिन चालू. ड्रायव्हर माझ्याच बाकड्यावर आलुबोंडे खाऊन राहिला आणि त्याच्या बसचा धूर या कागदावरून जाऊन राहिला. तू असता तर खिशातून घड्याळ काढून किती मिनिटं झाली ते मोजत बसला असता.

चांगलं बोलणारे उद्या पुष्कळ असतील. किती साधे, किती कर्तव्यदक्ष, किती विद्यार्थिप्रिय. हे सगळे तेच लोक, जे तुझी पाठ वळली की 'बरणीमास्तर' म्हणायचे. मी आधीच सांगून ठेवतो बापा, माझ्याकडून चांगलं बोलणं होणार नाही. माझ्या मते तू बावळट होता. हुशार होता, पण बावळट. काचेत, नळीत, तराजूत कणभर खोट असली तर तुला लांबून दिसायची. आणि रोज हातात चहा देणारा माणूस तुला अखेरपर्यंत दिसला नाही.

पाचवीपासून आपण एका बाकावर. माझी सगळी गणितं तुझ्या वहीतून उतरवलेली. जाम नदीला पूर आला की सारं गाव पूर पाहायला पळायचं, आणि तू काठावर काठी रोवून तिच्यावर खुणा पाडत बसायचा, पाणी किती चढलं म्हणून. एकदा त्या नादात वाहूनच गेला असता. मी तुझ्या शर्टाची कॉलर धरून ओढलं होतं. आणि तू काय म्हणाला? "अबे, खूण पुसली ना!"

मी मॅट्रिकला बसलो आणि बसलोच. तू नागपूरला शिकून आला आणि माझ्या बापाच्या हॉटेलासमोर, स्टँडच्या पलीकडच्या अंगाला जी शाळा आहे, तिथंच विज्ञानाचा मास्तर झाला. लग्नानंतर वहिनीच्या नोकरीपायी सौंसरला राहायला गेला आणि रोज बसनं येणंजाणं करू लागला. दमा तुला लहानपणापासून. बसमधून उतरला की शाळेत जायच्या आधी माझ्या बाकड्यावर दहा मिनिटं बसायचा, हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. माय आतून गरम पाणी घेऊन यायची. "पे बापू, घाई नको करू." माय तुला माझ्यापेक्षा जास्त जपायची. मला त्याचा कधी राग आला नाही.

भोपाळचं गॅसकांड तेव्हा नुकतंच होऊन गेलं होतं. हवा म्हटलं की लोक दचकायचे. तू मात्र त्याच्या आधीपासून हवेच्या मागं लागला होता. शाळेच्या तीन खिडक्या स्टँडकडं उघडतात. मृग बहाराची संत्री निघाली की ट्रक रांगेनं उभे राहतात, त्यात बसगाड्या, त्यात टेम्पो. कोणी इंजिन बंद करत नाही, कारण एकदा बंद पडलं तर चार माणसांनी धक्का मारल्याशिवाय चालू होत नाही. डिझलमध्ये रॉकेल मिसळलेलं. तो काळा, तेलकट धूर सरळ सातवीच्या वर्गात शिरायचा. खिडक्या लावल्या तर पोट्टे उकडून निघत, उघड्या ठेवल्या तर खोकत. माझी पोरगी त्याच वर्गात होती. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. मी बायकोला म्हणायचो, चुलीजवळ बसली असेल.

स्टँड तिगाव रस्त्याला न्यावा, तिकडं सरकारी जागा पडून आहे, म्हणून तू तहसिलीतल्या साहेबांकडं चार खेपा घातल्या. साहेब हिंदी मुलखातले, पण वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "मास्टरजी, धुआँ-धुआँ तो सब कहते हैं. मुझे नापकर दिखाइए." त्या दिवशी तू उड्या मारत आला. "देवा, माप मागितलं बे त्यायनं! म्हंजे माणूस ऐकणारा आहे!" तुझ्या खुशीपायी त्या दिवशी मीही दोन चहा जास्त प्यायलो.

माप घ्यायला शाळेत यंत्र कुठलं? तू पुस्तकातून शोधून काढलं. रुंद तोंडाची काचेची बरणी अर्धी पाण्यानं भरायची आणि महिनाभर उघड्यावर टांगायची. हवेतली काजळी, धूळ, जे खाली उतरतं ते पाण्यात बसतं आणि पुन्हा उडत नाही. महिन्यानं पाणी गाळायचं, गाळणकागद वाळवायचा, तराजूवर तोलायचा. एक बरणी स्टँडवर, दुसरी जिथं गाडी फिरकत नाही अशा जागी. दोहोंतला फरक म्हणजे गाड्यांची घाण. इतकं सोपं, की मलाही समजलं.

दोन्ही बरण्या माझ्या दुकानातल्या, बिस्किटांच्या. तू सोड्यानं तीनतीनदा धुतल्या, नाकाशी नेऊन वास घेतला, पुन्हा धुतल्या. शेवाळ धरू नये म्हणून बाहेरून काळा कागद गुंडाळला, पाला पडू नये म्हणून तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. चिठ्ठ्या महिन्यानं, दोन्ही बरण्या शाळेत आणल्यावर डकवायच्या होत्या, एकीवर 'पांढुर्णा', दुसरीवर 'मोहगाव'. मोहगावची तुझ्या भावाच्या संत्र्याच्या बगीच्यात टांगली आणि पांढुर्ण्याची माझ्या टिनाच्या पुढच्या खांबाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उन्हाळा आहे देवा, पाणी आटन. आटलं तेवढं वरून घालजो. पण आतलं काढू नको, अन् कोणाले हात लावू देऊ नको. मोहगावची भाऊ पाहते. इथली तुह्यावर."

"जा बे," मी म्हटलं, "बरणीले का पहारेकरी लागते?"

भांडण आपलं तेव्हाच सुरू झालं होतं. मी झारा हातात घेऊन, तू बाकड्यावर.

"स्टँड तिगाव रोडले गेला तर माह्या हॉटेलात कोण येईन मास्तर? तुह्ये पोट्टे?"

"तू बी चाल ना तिकडं."

"बापाची कढई आहे बे इथं. ही जागा आपली आहे. तिकडं मले कोण जागा देते?"

"पोट्टे खोकून राहिले देवा. तुही पोट्टी खोकून राहिली."

"पोट्टे सगळीकडंच खोकतात."

तू चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "आधी माप येऊ दे," तू म्हणाला, "मंग पोटभर भांडू." भांडणसुद्धा तुला मोजल्यावर करायचं होतं. ते राहूनच गेलं. आता कोणाशी करू?

आठ-दहा दिवसांनी मावसभावाच्या लग्नाला मी नागपूरला गेलो. जाताना मायला सांगितलं, "खांबाच्या बरणीत पाणी कमी झालं तर घालत जाजो." इतकंच. कशासाठी, ते सांगायला तोंड दुखत होतं का माझं? तुला माहीत आहे, आमच्या आळीतल्या बायका उन्हाळा लागला की टिनाला, झाडाला पाखरांसाठी पाणी टांगतात. मायचं तर ते व्रतच. चार दिवसांनी मी परत आलो तर माय स्टुलावर चढून तुझी बरणी उतरवून राहिली होती. मच्छरदाणी खुंटीला अडकवलेली. तिनं पाणी नालीत ओतलं. काळं पाणी, शालिक. वर तेल तरंगत होतं. मग चुलीतली राख घेऊन बरणी आतून घासली, विसळली, गार पाणी भरलं आणि पुन्हा टांगली.

"माय, काय करून राहिली!"

"काय म्हंजे? मास्तरनं बिचाऱ्यानं पाखराइसाठी बरणी लावली, अन् तुमी तिले जाळी बांधून ठेवली. पाखरं पेतीन कशी? अन् पाह्य ना, रोज किती काळं होते पाणी. चिमण्यायनं काय हे प्यावं?"

पहिला विचार तुझाच आला, एवढं लिहून ठेवतो. शाळा समोरच आहे, स्टँड ओलांडला की झालं. बरणी पुन्हा लावता आली असती. महिना पुन्हा मोजता आला असता. मी पायरी उतरलोसुद्धा. तेवढ्यात छिंदवाड्याची बस लागली. सगळी बस माझ्या दुकानाकडं वळली. चहा द्या, कचोरी द्या, पाणी द्या. मी पुन्हा पायरी चढलो.

गर्दी ओसरल्यावर मायला म्हटलं, "रोज घासत जा माय. पुण्य लागते."

हे मी बोललो. माझ्या तोंडून कोणी वदवलं नाही. पुढचे सगळे दिवस मायनं रोज दुपारी तुझी बरणी घासली. तू वर्गात असायचा, मधे बसगाड्यांची भिंत, तुला काही दिसायचं नाही. शाळेची घंटा झाली की मी स्टुलावर चढून जाळी बांधून ठेवायचो. तू यायचा, बाकड्यावर बसायचा, वर बोट दाखवायचा. "बरी आहे ना?" "बरी आहे." तू समाधानानं चहा प्यायचा. आणि शेवटच्या दिवशी माझ्या मनात आलं, पाणी अगदीच निर्मळ निघालं तर तू ओळखशील. म्हणून रस्त्यावरची माती आणून आत टाकली. किती टाकायची, याचा मी उभा राहून विचार केला. एक चिमूट घेतली, जास्त वाटली, अर्धी परत टाकली.

महिना भरल्यावर माप पाहायला शाळेच्या प्रयोगशाळेत सभा भरली. साहेब, हेडमास्तर, बसवाले, ट्रकवाले, आम्ही दुकानदार. तू धुतलेला पांढरा शर्ट घालून उभा. "मी अजून काही उघडून पाहिलं नाही," तू म्हणाला, "सगळ्यांसमोर गाळतो. म्हणजे कोणी म्हणणार नाही का मास्तरनं घरून काळं करून आणलं." इतका भरवसा होता तुला. आधी 'पांढुर्णा' उघडली. नरसाळं, कागद, पाण्याची धार. कागदावर फिकट मातकट डाग, बस. तू तो उजेडाला धरला आणि खाली ठेवला. मग 'मोहगाव'. कागद काळपट झाला. त्या महिन्यात तुझ्या भावानं बांधावरचं वाळलं गवत पेटवलं होतं, राख उडून बरणीत बसली. तो परवा तेरवीला बोलता बोलता बोलून गेला. तुला त्यानं कधी सांगितलं नाही. बरणीचा आणि गवताचा काही संबंध आहे हे त्याला कुठं ठाऊक?

कागद दिव्यावर वाळवले, तराजूवर ठेवले. काटा लवकर थांबेना. मोहगाव जड निघालं. कितीतरी जड. साहेब फळ्याकडं पाहत होते. तेव्हा मागून एक जण बोलला, "मास्तर, मंग मोहगावचा बगीचाच हलवा ना तिगाव रोडले!"

लोक ते वाक्य अजून सांगतात आणि बसवाल्याच्या नावावर खपवतात. ते माझं होतं. सगळी खोली फुटली. बाकं बडवली लोकांनी. साहेब रुमालाआड हसले. आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर, थोडा उशिरा, तूही हसला. तराजूच्या काचेच्या पेटीवर हात ठेवून, आमच्या सगळ्यांकडं पाहत. शालिक, तुझ्या जागी मी असतो तर पेटी उचलून आपटली असती. तू का नाही आपटली?

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर बसून म्हणाला, "चिठ्ठ्या बदलल्या असतीन बे माह्याकडून. मोहगावची इथल्या बरणीले, इथली मोहगावच्या."

"होते रे," मी म्हटलं, "उन्हानं डोकं फिरते माणसाचं."

तू साहेबांकडं गेला, अजून एक महिना मागितला. ते म्हणाले, "अब रहने दीजिए मास्टरजी." फाईल बंद. स्टँड जागच्या जागी. माझी कढई जागच्या जागी. गणपतीत पोट्ट्यांनी नाटुकलं बसवलं, एक मास्तर बरणीत हवा पकडायला स्टँडभर धावतो असं. हसून हसून लोकांच्या पोटात दुखलं. त्याच्यासाठी बरणी मागायला ते माझ्याकडं आले, आणि मी तीच दिली, काळ्या कागदाची. तू पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

आणि इतकं करून तू कोणालाच दोष देईना! तू स्वतःलाच दोष दिला. प्रयोगशाळेची किल्ली हेडमास्तरांना देऊन आला. "ज्याले दोन चिठ्ठ्या नीट लावता येत नाही, त्यानं पोट्ट्याइले काय प्रयोग दाखवावा?" तराजूला पुन्हा हात लावला नाही. वहिनी सांगत होती, घराला कुलूप लावून तू चार पावलं जायचा आणि परत येऊन ओढून पाहायचा. स्टोव्ह बंद केला का, हे तिला तीनतीनदा विचारायचा. ज्या हातांवर तुझा जन्मभराचा भरवसा होता, ते हात मी तुझ्यापासून काढून घेतले. हॉटेलासाठी. आलुबोंड्यांसाठी.

त्याच दिवसांत तू माझ्या पोरीला गणित शिकवायचा. शाळा सुटल्यावर, याच बाकड्यावर, सौंसरची बस येईपर्यंत. मी मागितलं नव्हतं. तूच म्हणाला, "तुह्या वळणावर नको जाऊ देऊ तिले." ती सहामाहीत गणितात वर्गात पहिली आली. पेपर दाखवायला तुझ्याकडं आधी पळाली, माझ्याकडं नंतर आली. तिच्या वहीत मागच्या पानावर तुझं अक्षर आहे, ते पान मी आज फाडलं नाही. मायसाठी मोहगावची संत्री आणायचा, पिशवीत सगळ्यात वर मऊ मऊ, तिला सोलायला सोपी म्हणून. देवाशपथ सांगतो, त्या पिशवीकडं पाहिलं की सगळं सांगून टाकावं असं वाटायचं. आणि मी पिशवी आत नेऊन मायला द्यायचो.

दिवाळीच्या सुमारास एकदा तू विचारलंच. इकडंतिकडं पाहून, हळू. "देवा, रागावू नको. त्या बरणीले कोणी हात तर नव्हता ना लावला?"

हीच वेळ होती. मी झारा कढईत आपटला. "माह्यावर शक करून राहिला का बे? पाचवीपासूनच्या दोस्तावर?"

तू उठला. माझा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. "माफ कर देवा. माणूस खचला का दुसऱ्यावर ढकलाले पाहते." आणि चहा तसाच ठेवून शाळेत निघून गेला, लाजेनं, मान खाली घालून. तू माझी माफी मागून गेला, शालिक. मी ती घेतली आणि तुझा चहा मोरीत ओतला.

या थंडीत अंबिया बहाराची संत्री निघाली, ट्रक पुन्हा रांगेला लागले आणि तू गेला. सौंसरच्या दवाखान्यात पोचता पोचता. दमा तर होताच. धुरानं मेला असं मी म्हणत नाही. मोजल्याशिवाय काही म्हणायचं नाही, ही तुझी शिकवण. आणि मोजू तर मी दिलं नाही. कधी वाटते, तू एक उन्हाळा अजून थांबता तर मी सांगितलं असतं. खोटं. नसतं सांगितलं.

तेरवीला मी मायला घेऊन सौंसरला गेलो. आतल्या खोलीत तुझ्या फोटोजवळ वहिनी बसली होती, बायका होत्या. मी ओसरीवरच्या पंगतीत, त्या खोलीच्या दाराशीच, पाणी वाढून राहिलो होतो. मायचं ताट वहिनीच्या बाजूलाच मांडलं होतं. तिनं वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला आणि बोलायला लागली.

"लय दयाळू होता वं पोट्टा. मागच्या उन्हाळ्यात आमच्या खांबाले पाखराइसाठी बरणी टांगली त्यानं. पाणी असं काळं होये का काय सांगू! मी रोज घासू, रोज भरू. देवा म्हणे, रोज घासत जा माय, पुण्य लागते. आता ते पुण्य त्याचंच आहे बाई. म्या नुसतं घासलं."

वहिनीचा पदर डोळ्यांपाशी तसाच थांबला. "कोणती बरणी माय? काळा कागद लावलेली?"

"हो ना, तेच. बिस्किटाची."

"किती दिवस घासली?"

"महिना उतरेपर्यंत. एक दिवस चुकली नाही मी."

माझ्या हातातला तांब्या कोणाच्या तरी पानात सांडला. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती तुझ्या फोटोकडं वळली. रडली नाही, आवाज चढवला नाही. तू शाळेतून घरी आल्यावर ती तुला दिवसभरातलं सांगत असेल, तसं तिनं सांगितलं. "ऐकलं का? चिठ्ठ्या बरोबर होत्या तुमच्या."

माय दाराकडं, माझ्याकडं पाहून म्हणाली, "कोणत्या चिठ्ठ्या रे देवा?"

"काही नाही माय," मी म्हटलं, "जेव तू."

निघताना वहिनी फाटकापर्यंत आली. मायच्या पाया पडली. मग मला म्हणाली, "भाऊजी, शोकसभेत तुमीच बोलणार म्हणे."

"हो."

"तुमी सगळे जिथं हसले होते, तिथंच आहे ना सभा?"

"तिथंच."

"मी येतो मंग."

तर शालिक, हे ते चार शब्द. हेडमास्तरांना चांगले वाटणार नाहीत. बसवाले माझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. साहेब ऐकून फाईल पुन्हा उघडतील की नाही, सांगता येत नाही. उघडली तर स्टँड तिगाव रोडला जाईल आणि मी इथं रिकाम्या चौकात कढई घेऊन बसेन. बसेन. त्याचं मला आता भ्या वाटत नाही. तुझं भांडण तू जिंकलं, घे.

भ्या एकच आहे. मायही उद्या येते म्हणते. तिनं सकाळीच लुगडं धुऊन वाळत घातलं. मघाशी माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली, तिला वाचता येत नाही, आणि म्हणाली, "मास्तरच्या बरणीचं लिहिलं का रे? पाखराइचं?" मी म्हटलं, लिहिलं. "हो बापा, ते सांगजो सभेत. लोकायले समजलं पाह्यजे." त्या नालीत तिनं रोज काय ओतलं, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. उद्या मी सांगीन. पहिल्या रांगेत वहिनी असेल आणि तिच्या बाजूला माय. मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं वाचीन, शालिक, काही गाळणार नाही. फक्त मायच्या तोंडाकडं पाहणार नाही.